कापसात गेलेली लस

३ फेब्रुवारी

ताई,

मोठ्या बहिणीला पत्राच्या सुरुवातीला लिहितात ते मानाचं वाक्य मी तीनदा लिहिलं आणि तीनदा खोडलं. ते वाचून तू नाक मुरडशील हे मला इथूनच दिसलं. म्हणून नुसतं ताई. फोन तू घेत नाहीस. घेतलास तर चिमणीच्या हातात देतेस, आणि ती बिचारी सांगते, "मावशी, आई अंघोळीला गेलीय." तीन वर्षांत तू जेवढ्या अंघोळी केल्यास तेवढ्या माणसाला सोसत नाहीत.

कामाचं लिहिते. चिमणीनं काल मला फोन केला होता. तिच्यावर डाफरू नकोस. जिन्यात उभी राहून, दबक्या आवाजात बोलत होती पोर. ठमी दहा महिन्यांची झाली आणि जन्मल्यावर दवाखान्यात टोचलं तेवढंच, त्यानंतर एकही सुई नाही, म्हणाली. आई टोचू देत नाही. जावईबापू बाहेरगावी नोकरीला, चिमणी बाळंतपणापासून तुझ्याकडे, आणि त्या घरात तुझ्यापुढं कुणाचं काही चालत नाही हे मला कुणी सांगायला नको.

ताई, गोवर आलाय. आपल्याला लहानपणी झाला होता, आपण काय मेलो का, असं तू म्हणशील. आपण नाही मेलो. पण आमच्या मुलांच्या वॉर्डात सध्या अकरा खाटा गोवराच्याच आहेत, आणि परवा त्यातल्या एका पोराच्या छातीत उतरला. नळी लावलीय त्याला. ते तुमच्या मागच्या गल्लीतलं आहे, बेकरीशेजारचं. त्याच्या आईला तू ओळखत असशील.

सोबत छापील पत्रक ठेवलंय. आमच्याकडे दर मंगळवारी सकाळी नऊ ते एक टोचतात. माझं तोंड बघायचं नसेल तर तुमच्या गावातल्या केंद्रात ने, तिथं गुरुवारी असतं. कुठंही ने, पण ने.

तू माझ्याशी का बोलत नाहीस असं इथं कुणी विचारलं की मी सांगते, भावजी गेल्यापासून तिचं कशातच मन नाही. लोक मान हलवतात. वेळ मारून नेणं मला चांगलं जमतं.

तुझी धाकटी


९ फेब्रुवारी

ताई,

पत्रक तू डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली घातलंस असं कळलं. बरं केलंस. निदान टेबल तरी स्थिर झालं.

आणि चिमणीला म्हणालीस, "तिला विचार, ही घ्यायची की थांबायचं? ती फोनवर एक सांगते आणि भिंतीवर एक. ठमीच्या वेळी मी कुठलं खरं मानू? आणि एकटी तीच कशाला, त्या पांढऱ्या कपड्यातल्या कुणाचं मानू?" चिमणीनं हे सगळं जसंच्या तसं मला ऐकवलं. तुझा आवाजसुद्धा काढला तिनं.

मला राग आला. खोटं कशाला सांगू. बावीस वर्षं मी पोरांना टोचतेय. बायका रांगेत मागं सरकतात, पण माझ्याच टेबलावर येतात, कारण माझा हात हलका आहे. आणि मला तू शहाणपण शिकवणार? असं चांगलं दीड पान लिहिलं. वाचून बघितलं तर त्यात तुझ्या प्रश्नाचं उत्तर कुठंच नव्हतं. फाडलं.

प्रश्न तर सरळ आहे. तीन वर्षांपूर्वी त्या मोठ्या साथीत लस आली, भावजींचा नंबर लागला, आणि तू मला फोन केलास. भावजी मागून ओरडले, "मेहुणीबाई, हुकूम काय?" मी म्हटलं, थोडं थांबा. महिनाभर जाऊ दे, बघू लोकांना काय होतंय. मी पण घेतलेली नाही. भावजी म्हणाले, "झालं तर मग, घरचा डॉक्टर बोलला," आणि त्यांनी नंबर सोडून दिला. पंचवीस दिवसांनी ते आमच्याच हॉस्पिटलात तिसऱ्या मजल्यावर होते. नवव्या दिवशी गेले.

त्यांची पिशवी न्यायला तू आलीस. चष्मा, चार्जर, निळा स्वेटर. कागद होईपर्यंत तुला खालच्या व्हरांड्यात बाकावर बसवलं होतं, दीड तास. बाकासमोरच्या भिंतीवर माझा फोटो. बाही वर केलेली, दंडाशी सुई, तोंडभर हसू. खाली मोठ्या अक्षरांत, "मी घेतली, तुम्हीही घ्या." आणि तारीख. तुझ्या फोनच्या चांगली अकरा दिवस आधीची. मी पिशवी घेऊन आले तेव्हा तू फोटोकडेच बघत होतीस. "छान आलाय तुझा फोटो," म्हणालीस, पिशवी घेतलीस आणि चालू पडलीस. त्यानंतर आजतागायत तू माझ्याशी बोललेली नाहीस.

मी स्वतः गुपचूप घेऊन बसले आणि तुम्हाला मात्र थांबवलं, असं तुला वाटतं. तसं वाटणारच. आणि तीन वर्षं मी तुला तसं वाटू दिलं.

ताई, तो फोटो खोटा आहे. मी घेतली नव्हती. बाकीचं उद्या लिहिते, आत्ता हात पुढं जात नाही.


१० फेब्रुवारी

ताई,

कालचं पुरं करते. आज नाही केलं तर पुन्हा सारवासारव करून मोकळी होईन, माझा काही नेम नाही.

लस आली त्या आठवड्यात पहिली पाळी आमची होती, हॉस्पिटलात काम करणाऱ्यांची. लोक घाबरलेले होते, त्यांना धीर यावा म्हणून आमच्यातल्या कुणाचा तरी फोटो काढून लावायचं ठरलं. मोठ्या सिस्टर, म्हणजे आमच्या सगळ्यांच्या वरच्या, म्हणाल्या, "हिला बसवा पुढं. हिचं तोंड बघून कुणालाही बरं वाटतं." सगळ्या हसल्या. मीही हसले.

टोचणार होती बुटकी. तुला आठवत असेल, माझ्याबरोबर नर्सिंगला होती, वरच्या फळीवरचं काही काढायचं तर स्टूल घेऊन हिंडते ती. आदल्या दिवशी चादरी ठेवतात त्या खोलीत मी तिला गाठलं. म्हटलं, मला नकोय. ती म्हणाली, "मला तरी कुठं हौस आहे? घाबरलेय मी पण. तरी घेणार." मी म्हटलं, तू घे. मला सोडव. ती बराच वेळ चादरींच्या घड्या सरळ करत राहिली. मग म्हणाली, "बरं."

आम्हाला काही गोष्टी करता येतात ज्या दुसऱ्या कुणाला येणार नाहीत. तिनं कापसाचा जाड बोळा घेतला. बाटलीतून डोस बरोबर मापात ओढला, सगळ्यांसमोर. बोळा माझ्या दंडाला लावला, सुई त्या बोळ्यात घातली आणि दट्ट्या शांतपणे दाबला. फोटोवाला म्हणाला, "सिस्टर, इकडे बघा, जरा हसा." मी हसले. कापूस गार झाला, ओला झाला, आणि एक थेंब कोपरापर्यंत ओघळला. बुटकीनं तो अंगठ्यानं पुसला. टाळ्या पडल्या.

एका बाटलीत दहा जणांची लस असते. उघडली की चार तासांत संपवायची. त्या दिवशी शेवटच्या बाटलीला अकरावा माणूस उरला, रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर. त्याला सांगितलं, उद्या या. तो म्हणाला, चालेल की. त्याच्या वाटचा डोस बाटलीत पुरला असता, तो मी कापसाला पाजला.

मला कार्ड मिळालं. त्यावर तारीख, शिक्का, सही, सगळं. शनिवारपर्यंत फोटो प्लास्टिक चढवून भिंतीवर लागला. रांगेतला दर दुसरा माणूस विचारायचा, "सिस्टर, तुम्ही घेतली का?" मी भिंतीकडे बोट दाखवायचे. जीभ विटाळायची वेळसुद्धा आली नाही.

म्हणजे फोनवर मी तुला माझं खरं सांगितलं होतं, आणि तो सल्ला चुकीचा होता. रांगेतल्या लोकांना सल्ला बरोबर दिला, आणि माझं खोटं सांगितलं. तुला बरं वाटावं म्हणून हे लिहीत नाही. यात बरं वाटण्यासारखं मला तरी काही सापडलं नाही. एवढंच, की लबाडी कुठली हे तुला नीट ठाऊक असावं. भलत्याच गोष्टीसाठी तू तीन वर्षं माझा राग केलास, खरी गोष्ट त्याहून वाईट आहे.


१६ फेब्रुवारी

ताई,

तू पत्र वाचलंस, घडी घालून उशीखाली ठेवलंस, आणि चिमणीला म्हणालीस, "का नाही घेतली ते विचार." चिमणीनं विचारलं. मी तिला म्हटलं, आईलाच लिहिते.

जे कारण मी सगळ्या जगाला देऊ शकले असते ते आधी देते. शिकत असताना एकदा मला एक इंजेक्शन बाधलं होतं, अंगावर गांधी उठल्या होत्या, आठवतं? तू दोन दिवस माझ्याजवळ बसून होतीस. ते कारण मी बुटकीला सांगितलं, स्वतःलाही सांगितलं. पण त्याचा ह्या लसीशी काही संबंध नाही, आणि हे मला तेव्हाही माहीत होतं. अशांना अर्धा तास जास्त बसवून ठेवायचं असतं, बस. मीच लोकांना तसं बसवत होते.

खरं कारण चहाच्या खोलीतलं आहे. तिथं आम्ही सगळ्या बोलायचो. इतक्या लवकर कशी काय तयार केली? एकीच्या ओळखीत कुणाला तरी घेतल्यावर काय काय झालं म्हणे. दुसरीनं कुठंतरी वाचलं होतं. बाहेरचा माणूस हे बोलला असता तर आम्ही त्याला चार शब्द सुनावले असते. आपापसांत मात्र रंगून रंगून बोलायचो. आणि वरच्या मजल्यावर डॉक्टर बसलेले, दार उघडं, जाऊन विचारलं असतं तर त्यांनी कागद काढून समजावलं असतं. एकही गेली नाही. मी इतक्या वर्षांची अनुभवी. मी जाऊन विचारायचं, साहेब, मला भीती वाटतेय? आम्हाला लोक विचारतात, आम्ही कुणाला विचारत नाही. तिथं नाक आडवं आलं. लाज वाटेल म्हणून मी एक प्रश्न विचारला नाही, आणि आता ही लाज घेऊन बसलेय.

हे इथं संपलं असतं तर कदाचित मी तुला आधीच लिहिलं असतं. आणखी एक आहे. ते मी बुटकीलाही सांगितलेलं नाही.

भावजी नऊ दिवस तिसऱ्या मजल्यावर होते. नातेवाइकांना बंदी होती, तुला खाली गेटपाशी उभं राहावं लागायचं. मला बंदी नव्हती. मी तिथलीच. तू रोज फोनवर म्हणायचीस, "एकदा वर जाऊन बघून ये गं, फक्त तोंड दाखव त्यांना." मी सांगायचे, वर सोडत नाहीत, फार कडक आहे. ताई, सोडत होते. मोठ्या सिस्टर स्वतः मला म्हणाल्या, "तू तर घेतलेली आहेस, जाऊन ये, वरचा अंगभर पोशाख घाल आणि पाच मिनिटं जाऊन ये." मी म्हटलं, टेबलावर गर्दी आहे.

मी घाबरले होते. कार्डावर लस होती, अंगात नव्हती. तीन मजले होते, सत्तावन्न पायऱ्या. चौथ्या दिवशी मी पहिल्या वळणापर्यंत गेले आणि खाली आले. आणि त्या दुपारी मी एकशे बारा लोकांना टोचलं आणि प्रत्येकाला म्हटलं, काही घाबरू नका.

आपले भावजी. जे मला लग्नात पाठवणीच्या वेळी म्हणाले होते, तुझ्या बहिणीला मी नेतोय, पण रविवारी तुझा हक्क.

ते गेल्यावर बाराव्या दिवशी आमच्या दुसऱ्या डोसची पाळी आली. बुटकी पुन्हा कापूस घेऊन उभी. मी तिच्या हातातून तो काढून घेतला आणि म्हटलं, टोच. तिनं टोचलं. काही झालं नाही. दंड दुखला दोन दिवस, तोही खरचटलेल्या गुडघ्याइतकासुद्धा नाही. एवढ्याशासाठी, ताई. एवढ्याशासाठी.

म्हणून माझ्या कार्डावर दोन आहेत आणि अंगात एक. पहिली मागायला कुठल्या तोंडानं जाणार होते?

काल मी मोठ्या सिस्टरना सगळं सांगितलं. त्या निवृत्तीला टेकल्यात. चष्मा काढून म्हणाल्या, "आता कशाला उकरून काढतेस? कुणाला कळलंय?" मी म्हटलं, माझ्या बहिणीला कळलंय. त्यांनी पुन्हा चष्मा घातला आणि म्हणाल्या, "मग लिहून दे." लिहून दिलं. बुटकीचं नाव गाळलं होतं. संध्याकाळी बुटकी माझ्या घरी आली, भडकलेली. "सुई काय आपोआप आली होती? तुझ्या एकटीच्या बापाची चूक आहे का?" म्हणाली. तिनंही लिहून दिलंय.

तुझ्याकडे माफी मागत नाही. मागितली तर तुला काहीतरी द्यावं लागेल, आणि मी तुझ्याकडून आधीच खूप नेलंय.


२१ फेब्रुवारी

ताई,

हे छोटंच. बेकरीशेजारच्या पोराची नळी काढली. जगेल. पण एका कानानं त्याला ऐकू येत नाहीये, डॉक्टर म्हणतात काही दिवस वाट बघू. त्याची आई त्याच्या त्या कानाशी टाळ्या वाजवत बसते. मी तिकडून जाताना भिंतीकडे बघत जाते.

आमची चौकशी सुरू झालीय. निकाल लागेपर्यंत सुई माझ्या हातात नाही. मंगळवारी मी फक्त कार्ड लिहिते आणि मुलांची वजनं घेते. टोचायला दुसरं कुणी नाही म्हणून बुटकी टोचते, तिच्याशेजारी एक बाई बघायला बसते. बायका विचारतात, तुम्ही का नाही टोचत? मी म्हणते, चूक केली होती. आधी वाटलं होतं जीभ अडखळेल. अडखळते.

भिंतीवरचा फोटो काढून टाकलाय. मीच काढला. चार कोपऱ्यांची चिकटपट्टी निघता निघत नव्हती, नखं दुखली.

मला एवढंच सांगायचंय. मी खोटी निघाले म्हणून लस खोटी होत नाही. मी तुला चुकीचं सांगितलं तेव्हा तू माझं ऐकलंस. आता बरोबर सांगतेय तर माझं ऐकू नकोस हवं तर, त्या बेकरीवालीला विचार. पण ठमीला माझ्यासाठी शिक्षा नको. ती मला अजून ओळखतही नाही.

मंगळवारी मी टेबलापासून दूर, वजनाच्या काट्यापाशी असेन. तू आलीस तरी मी पुढं येणार नाही.


२५ फेब्रुवारी

ताई,

आज सकाळी काय झालं ते तुला माहीतच आहे, तू होतीस. तरी लिहिते.

सव्वादहाला तू दारात दिसलीस. केस किती पांढरे झाले तुझे. ठमी कडेवर, चिमणी मागे पिशवी घेऊन. मी काट्यावर एका बाळाला ठेवलं होतं, त्याचं वजन मी तीनदा वाचलं आणि तीनदा वेगळं वाचलं. त्याची आई म्हणाली, "सिस्टर, बरं नाही का?"

तुझा नंबर आला. ठमीला काट्यावर ठेवताना तुझा हात माझ्या हाताला लागला आणि तू तो झटकला नाहीस, पण माझ्याकडे बघितलंही नाहीस. साडेआठ किलो. मी कार्डावर लिहिलं. मग तू सरळ उभी राहिलीस आणि सगळ्या व्हरांड्याला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलंस, "काय हो बाई, साथीच्या वेळी तुमचा फोटो होता इथं. तुम्ही घेतली होती का खरंच?"

रांगेत पंधरा-वीस बायका होत्या. बुटकीचा हात थांबला. चिमणी म्हणाली, "आई, काय हे." मला वाटलं होतं असा प्रश्न आला तर धरणी पोटात घेईल तर बरं. पण तू विचारलास म्हणून बोलता आलं. मी म्हटलं, "नाही. तो फोटो खोटा होता. मी घाबरले होते. मी कुणाला विचारलं नाही, घेतली नाही, आणि घरच्या माणसाला थांब म्हणून सांगितलं. तो माणूस गेला."

दोन बायका उठल्या. एक तर दारापर्यंत गेली. तू तिच्याकडे वळलीस आणि म्हणालीस, "बसा. तो माणूस माझा नवरा होता. मी नातीला टोचायला आणलीय, आणि तुम्ही कुठं निघालात?" ती परत येऊन बसली. अशी तू. भावजी म्हणायचे ना, हिला रहदारीच्या चौकात उभी करा, शिट्टी लागायची नाही.

मग तू ठमीला मांडीवर घेऊन बसलीस. एक मांडीत, एक दंडात. बुटकीनं बाटली तुला दाखवली, सुई दाखवली, डोस ओढला तोही दाखवला. कापूस तिनं लांब ठेवला. तू डोळे मिटलेस आणि म्हणालीस, "मला बघवत नाही. पाय धर हिचे." मी इकडं तिकडं बघितलं. "तुलाच म्हणतेय," म्हणालीस.

मी धरले. केवढे मऊ पाय आहेत, आणि ताकद केवढी. पहिल्या सुईला तिनं माझ्याकडे असं बघितलं जसं मीच टोचलं. मग जी किंचाळली. बावीस वर्षांत हजारो पाय धरले, पण आज ठमीचा एक पाय दोनदा माझ्या हातातून सुटला आणि बुटकी पुटपुटत होती, नीट धर, नीट धर.

टोचल्यावर अर्धा तास बसायचं असतं. तू त्याच बाकावर बसलीस. भिंतीवर फोटोच्या जागेचा चौकोन बाकीच्या रंगाहून उजळ राहिलाय. तू त्याच्याकडे बघत होतीस. मी कार्ड द्यायला आले. पुढची तारीख सांगितली, रात्री ताप आला तर काय द्यायचं ते सांगितलं. तू कार्ड घेतलंस. ठमी तुझ्या खांद्यावर हुंदके देत झोपायला आली होती. मला वाटलं आता उठशील.

"त्या दिवशी मी पिशवीसाठी आले नव्हते," तू म्हणालीस. "पिशवी कुणीही आणून दिली असती. शेवटच्या फोनवर त्यांनी तुझ्यासाठी निरोप दिला होता. धाप लागत होती, तरी दोनदा म्हणाले. मेहुणीला सांग, थांबू नकोस म्हणावं, घेऊन टाक. तो द्यायला आले होते मी. इथं बसले, समोर बघितलं. म्हटलं, हिनं तर कधीच घेतलीय. आता निरोप कुणाला देऊ?"

आणि उठून गेलीस. चिमणीनं वळून बघितलं, तू नाही.

ताई, ते नऊ दिवस मी सत्तावन्न पायऱ्या चढले नाही. आणि वर पडलेला माणूस स्वतःला श्वास पुरत नसताना माझी काळजी करत होता. त्यानं तुला माझ्याकडे पाठवलं. मी भिंतीवर हसत बसले होते, म्हणून तू तशीच परत गेलीस. हे मी आता कुठं ठेवू ते मला कळत नाही. घरी आल्यापासून ह्या खोलीतून त्या खोलीत फिरतेय.

उद्या सकाळी वरच्या मजल्यावर डॉक्टरांकडे जाणार आहे. माझ्या अंगात एक कमी आहे ते सांगणार, आता घेता येते का ते विचारणार. विचारायला इतकी वर्षं लागली. ते म्हणतील, आता एवढ्या उशिरा कशाला?

सांगेन, घरून निरोप आलाय.

तुझी धाकटी